रणभूमीवरील विषाचा माग

युद्धात झालेली जखम डोळ्यांना दिसते. गोळी कोठे लागली, पाय कोणत्या सुरुंगाने गेला, हे सैनिकाच्या कागदपत्रांत नोंदलेले असते व त्याविषयी सहसा वाद होत नाही. श्वासावाटे किंवा त्वचेवाटे शरीरात शिरलेल्या विषाचे तसे नसते. सैनिक धडधाकट घरी परततो, शेतीवाडी किंवा नोकरी पाहू लागतो आणि काही वर्षांनी त्याची स्मरणशक्ती मंदावते, सांधे दुखू लागतात किंवा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते. ‘हा आजार युद्धामुळे झाला का?’ असा प्रश्न तो विचारतो. या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे उपचार, त्याची भरपाई आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन अवलंबून असते.

या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न दडलेले असतात. ते विष त्या ठिकाणी खरोखर होते का? असल्यास ते या माणसापर्यंत पोहोचले का आणि किती मात्रेत? आणि तेवढ्या मात्रेने हा आजार होऊ शकतो का? कारखान्यातील कामगारांच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मिळू शकतात, कारण तेथे कोणते रसायन वापरले जाते व कामगार किती तास काम करतो याची नोंद असते. रणभूमीवर हवेचे नमुने कोणी गोळा करीत बसत नाही. म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्याला असलेल्या धोक्याचे मूल्यमापन हे बहुतेक वेळा घटना घडून गेल्यानंतर, अपुऱ्या पुराव्यांवरून करावे लागते. ते कसे केले जाते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी १९९१ च्या आखाती युद्धातील एका घटनेकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

इराकच्या दक्षिण भागात नासिरिया शहराजवळ खमिसिया नावाचे ठिकाण आहे. तेथे इराकी सैन्याचे दारूगोळ्याचे विस्तीर्ण कोठार होते. २८ फेब्रुवारी १९९१ रोजी युद्धविराम झाल्यावर शत्रूचा शस्त्रसाठा नष्ट करण्याचे काम अमेरिकी अभियंता पलटणींकडे आले. त्यांनी ४ मार्च रोजी खमिसिया येथील बंकर सुरुंग लावून उडवले आणि १० मार्च रोजी बाहेर एका खड्ड्यालगत रचून ठेवलेली रॉकेटे उडवली. त्यांपैकी अनेक रॉकेटांत सारिन व सायक्लोसारिन ही मज्जासंस्थेवर आघात करणारी विषारी द्रव्ये भरलेली होती. स्फोट घडवणाऱ्या सैनिकांना याची कल्पना नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक खमिसिया येथे गेले, तेव्हा त्यांना विषारी रॉकेटांचे अवशेष आढळले. तरीही ही गोष्ट आपल्या सैनिकांशी संबंधित आहे, हे अमेरिकी संरक्षण खात्याने जाहीर केले ते १९९६ च्या जून महिन्यात. मधल्या पाच वर्षांत हजारो माजी सैनिक थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी, निद्रानाश आणि विस्मरण यांच्या तक्रारी घेऊन रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवत होते. रासायनिक अस्त्रांचा संपर्क आलाच नाही, असे त्यांना वारंवार सांगण्यात येत होते.

आता किती सैनिकांपर्यंत हे विष पोहोचले, हा प्रश्न उभा राहिला. आरंभी काहीशे सैनिक त्या परिसरात होते असे सांगण्यात आले. काही महिन्यांतच तो आकडा ५,००० वर गेला आणि कोठारापासूनच्या अंतराचे वर्तुळ आणखी मोठे धरल्यावर २०,००० झाला. परंतु वायू वर्तुळात पसरत नाही, तो वाऱ्याबरोबर जातो. त्यामुळे संगणकाच्या साहाय्याने वायूच्या लोटाचे गणिती प्रतिमान तयार करण्यात आले. किती रॉकेटे फुटली, त्यांतून किती द्रव बाहेर पडले, त्यापैकी किती लगेच हवेत मिसळले आणि किती लाकडी खोक्यांत व मातीत मुरून नंतर सावकाश उडाले, वारा कोणत्या दिशेने वाहत होता, आणि त्या त्या दिवशी कोणती तुकडी नकाशावर कोठे होती, या सर्व गोष्टी त्या प्रतिमानात घालाव्या लागल्या. द्रव कसा बाहेर पडतो हे पाहण्यासाठी १९९७ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील लष्करी चाचणीक्षेत्रात तशाच रॉकेटांत निरुपद्रवी द्रव भरून स्फोट घडवण्यात आले. या खटाटोपानंतर निघालेला आकडा होता ९८,९१०. इतक्या सैनिकांना टपालाने पत्रे गेली. २००० साली सुधारित प्रतिमान आले व आकडा १,०१,७५२ झाला. आकडा जवळपास तेवढाच राहिला असला, तरी त्यातील माणसे तीच नव्हती. पूर्वी पत्र मिळालेल्या काही सैनिकांना आता तुम्ही त्या पट्ट्यात नव्हता असे कळवण्यात आले आणि नव्या काही सैनिकांना प्रथमच पत्र गेले.

हा अचूकपणा फसवा होता. शेवटच्या एककापर्यंत मोजलेला आकडा वाचणाऱ्याला विश्वासार्ह वाटतो. प्रत्यक्षात युद्धकाळात इराकमधील हवामानाची फारच थोडी निरीक्षणे उपलब्ध होती आणि फुटलेल्या रॉकेटांची संख्याही अंदाजाने धरलेली होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये या प्रतिमानाची तपासणी केली आणि त्यावरून कोणाचा संपर्क आला व कोणाचा आला नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे स्पष्टपणे बजावले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या पट्ट्यात दोन किंवा अधिक दिवस असलेल्या सैनिकांमध्ये मेंदूच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. परंतु पट्टाच संशयास्पद असेल, तर त्यावर उभारलेल्या निष्कर्षाला किती वजन द्यावे? चुकीच्या यादीमुळे नसलेला धोका दिसू शकतो. त्याहून अधिक वेळा असलेला धोका झाकला जातो, कारण संपर्क आलेले व न आलेले सैनिक दोन्ही गटांत मिसळून जातात.

सारिन शरीरात नेमके काय करते, हे येथे पाहणे आवश्यक आहे. मज्जातंतू स्नायूला आज्ञा देतो तेव्हा ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते. आज्ञा पोहोचल्यावर ते द्रव्य नष्ट करण्याचे काम एक विकर म्हणजे एन्झाइम करते. सारिन त्या विकराला जखडून टाकते. मग आज्ञा थांबतच नाही. स्नायू आकुंचन पावत राहतात, लाळ व घाम वाहू लागतो आणि मोठ्या मात्रेत श्वास बंद पडून मृत्यू येतो. हे झाले मोठ्या मात्रेचे. कोणालाही तत्काळ लक्षण जाणवणार नाही इतक्या अल्प मात्रेने दीर्घकाळ टिकणारे विकार होतात का, हा वादाचा खरा मुद्दा होता. मोठ्या मात्रेचे परिणाम त्या वेळी कोणाला झालेले दिसले नाहीत, म्हणून पुढेही काही होणार नाही, असे सुरुवातीच्या काळात अनेक तज्ज्ञ धरून चालत होते. हा तर्क सोयीचा होता, सिद्ध झालेला नव्हता.

शिवाय सारिन हे एकटेच नव्हते. नर्व्ह गॅसपासून, विशेषतः सोमान या द्रव्यापासून, बचाव व्हावा म्हणून अमेरिकी सैनिकांना पायरिडोस्टिग्माइन ब्रोमाइडच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर आठ तासांनी घेण्यास सांगितले जाई. सुमारे अडीच लाख सैनिकांनी त्या घेतल्या असाव्यात असा अंदाज आहे. कोणी किती दिवस घेतल्या याच्या नोंदी मात्र ठेवलेल्या नव्हत्या. ही गोळीदेखील त्याच विकराला काही काळ बांधून ठेवते. वाळूमाशांपासून व डासांपासून संरक्षण व्हावे म्हणून तंबूंत आणि कपड्यांवर जी कीटकनाशके फवारली जात, त्यांतील काहींचे लक्ष्यही तेच विकर. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी शरीरातील एकाच ठिकाणी येऊन आदळत होत्या. कुवेतमधील सहाशेहून अधिक पेटत्या तेलविहिरींचा काळा धूर हे आणखी एक संकट. शेवटची विहीर विझली ती नोव्हेंबर १९९१ मध्ये. प्रत्येक घटकाची मात्रा स्वतंत्रपणे निर्धोक ठरवणारे कोष्टक अशा मिश्रणापुढे फारसे कामाचे राहत नाही.

मात्रा ठाऊक नसली, तरी तुलना करता येते. हा संशोधकांचा दुसरा मार्ग. त्यातही काळजी घ्यावी लागते. माजी सैनिकांची तुलना सर्वसामान्य नागरिकांशी केली तर सैनिक अधिक निरोगी दिसतात, कारण भरतीच्या वेळीच दुर्बल व आजारी माणसे वगळलेली असतात. म्हणून तुलना सैनिकांची सैनिकांशीच व्हावी लागते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश सैनिकांचे तीन गट घेतले: आखातात गेलेले, बोस्नियात गेलेले आणि त्या काळात सेवेत असूनही आखातात न पाठवलेले. आखातातून आलेल्या सैनिकांमध्ये तक्रारींचे प्रमाण इतर दोन्ही गटांपेक्षा लक्षणीय अधिक निघाले. बोस्नियातील सैनिकांनीही युद्धभूमीचा ताण अनुभवलेला होता. तेव्हा केवळ परदेशी मोहिमेवर जाणे हे कारण पुरेसे ठरत नव्हते. अमेरिकेतील पाहण्यांतूनही आखातात गेलेल्या सुमारे सात लाख सैनिकांपैकी पाव ते एक तृतीयांश सैनिकांना हा बहुलक्षणी आजार जडला असल्याचे पुढे दिसून आले.

तरीही अडचण उरलीच. या आजारासाठी रक्ताची किंवा क्ष-किरणांची एकही निर्णायक चाचणी नव्हती. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या सल्लागार समितीने १९९६ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात मानसिक ताण हा महत्त्वाचा घटक असावा असे मत मांडले. आजारी सैनिकांना ते फार लागले. आपली वेदना खोटी ठरवली जात आहे, अशी त्यांची भावना झाली. ताणामुळे शरीराला इजा होते हे खरेच आहे. परंतु ज्याचे कारण सापडत नाही ते सारे मनाच्या खाती टाकण्याची सवय वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून आहे, हेही तितकेच खरे. पुढे संसदेच्या कायद्यान्वये नेमलेल्या दुसऱ्या समितीने २००८ मध्ये उलट निष्कर्ष काढला: आखाती युद्धाशी निगडित हा आजार वास्तव आहे आणि उपलब्ध पुरावा पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्या व कीटकनाशके यांच्याकडे बोट दाखवतो. तेव्हा सारिनविषयी समितीने निश्चित विधान केले नाही.

सारिनच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल पडले ते २०२२ मध्ये, आणि त्यामागची कल्पना समजून घेण्याजोगी आहे. आजारी माणसाला ‘तुम्ही विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा ऐकला होता का?’ असे विचारले, तर तो ‘हो’ म्हणण्याची शक्यता निरोगी माणसापेक्षा अधिक असते. तो खोटे बोलतो असे नव्हे. आपल्या आजाराचे कारण शोधताना माणूस जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा चाळतो. हा स्मरणदोष टाळायचा कसा? टेक्सास राज्यातील वैद्य रॉबर्ट हेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एका जनुकाचा आधार घेतला. आपल्या रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचे विकर असते. ते तयार करणाऱ्या जनुकाचे ‘क्यू’ व ‘आर’ असे दोन प्रकार आहेत. क्यू प्रकारापासून बनलेले विकर सारिनचे चांगले विघटन करते, आर प्रकाराचे विकर त्या कामात दुबळे असते. आईवडिलांकडून यांपैकी कोणता प्रकार मिळाला, हे सैनिकाला ठाऊक नसते. त्यामुळे त्याच्या आठवणींवर त्याचा प्रभाव पडू शकत नाही. संशोधकांनी ५०८ आजारी व ५०८ निरोगी माजी सैनिकांची तपासणी केली. दोन्ही जनुके क्यू प्रकारची असलेल्यांमध्ये भोंगा ऐकलेल्यांना आजार असण्याची शक्यता न ऐकलेल्यांच्या सुमारे पावणेचार पट होती. दोन्ही जनुके आर प्रकारची असलेल्यांमध्ये ती जवळजवळ नऊ पट निघाली. भोंगा म्हणजे केवळ आठवणीचा खेळ असता, तर जनुकानुसार असा फरक पडण्याचे कारण नव्हते.

यावरून सगळा वाद मिटला असे नाही. भोंगा ऐकणे म्हणजे प्रत्यक्ष मात्रा मोजणे नव्हे. युद्धकाळात हे भोंगे हजारो वेळा वाजले आणि त्या वेळी लष्कराने ते धुळीमुळे किंवा इंजिनाच्या धुरामुळे वाजलेले ‘खोटे इशारे’ ठरवले होते. अभ्यासातून समूहाचा धोका कळतो. एका विशिष्ट सैनिकाची डोकेदुखी कशामुळे आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

काही विषे मात्र शरीरात आपला माग ठेवतात. सारिन काही काळात नाहीसे होते, पण व्हिएतनाम युद्धातील डायॉक्सिन शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे राहते. ते निम्मे होण्यासच सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनाममधील जंगलांवर व पिकांवर सात कोटी लिटरहून अधिक वनस्पतिनाशके फवारली. त्यांतील सर्वाधिक वापरले गेलेले म्हणजे ‘एजंट ऑरेंज’. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यावरून हे नाव पडले. ते तयार होताना त्यात डायॉक्सिनची भेसळ होत असे. येथे रक्त तपासून मात्रा कळू शकते, म्हणून काम सोपे व्हावे असे वाटेल. फवारणी करणाऱ्या विमानांवरील सैनिकांच्या रक्तात डायॉक्सिन खरोखरच अधिक आढळले. परंतु जमिनीवर लढलेल्या ६४६ सैनिकांचे रक्त १९८० च्या दशकात तपासले गेले, तेव्हा ते व्हिएतनामला न गेलेल्या सैनिकांपेक्षा वेगळे निघाले नाही. सैनिकी कागदपत्रांवरून जमिनीवरील सैनिकांचा संपर्क ठरवता येत नाही, असे सांगून सरकारी आरोग्यसंस्थेने आपला मोठा अभ्यास १९८७ मध्ये गुंडाळला. टीकाकारांचे म्हणणे असे, की इतक्या वर्षांनी घेतलेल्या रक्तात मूळ मात्रा दिसणार तरी कशी?

या प्रश्नाची मानवी बाजू एका घरात फार तीव्रतेने दिसली. ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट हे १९६८ पासून व्हिएतनाममधील अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते. नद्यांच्या काठी दबा धरून बसलेल्या शत्रूमुळे त्यांचे सैनिक मोठ्या संख्येने मरत होते, म्हणून त्यांनी काठावरची झाडी फवारणीने नष्ट करवली. त्याच नद्यांत गस्त घालणाऱ्या एका नौकेचा अधिकारी होता त्यांचा स्वतःचा मुलगा. त्याला पुढे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९८८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. आजाराचे कारण एजंट ऑरेंजच असे पितापुत्र दोघेही मानत. तरीही त्या फवारणीमुळे अनेक सैनिकांचे प्राण वाचले आणि तो निर्णय आपण पुन्हा घेतला असता, असे ॲडमिरल सांगत. १९९० मध्ये त्यांनीच वैज्ञानिक पुराव्यांची छाननी करून माजी सैनिकांच्या बाजूने सरकारला अहवाल दिला.

फेब्रुवारी १९९१ मध्ये, म्हणजे आखातात बाँबवर्षाव चालू असतानाच, अमेरिकेत एजंट ऑरेंजविषयीचा कायदा झाला. त्याने पुराव्याचे ओझे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवले. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक यादीतील आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे. आपल्यावर फवारा पडला होता, हे त्याने सिद्ध करण्याची गरज नाही. यादीत कोणता आजार घालायचा, यासाठी राष्ट्रीय विज्ञान अकादमीशी संलग्न तज्ज्ञमंडळ ठरावीक काळाने जगभरचे संशोधन तपासत असे आणि पुरावा पुरेसा, मर्यादित की अपुरा, असे वर्ग पाडत असे. कारण सिद्ध होणे आणि संबंध दिसणे यांत फरक आहे. कायद्याने संबंधाला पुरेसे मानले. २०१० मध्ये हृदयविकाराचा एक प्रकार व पार्किन्सनचा आजार या यादीत आले. उच्च रक्तदाब मात्र यायला २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी झालेल्या व्यापक कायद्याने इराक व अफगाणिस्तानातील छावण्यांजवळ कचरा, प्लॅस्टिक व इंधन जाळणाऱ्या उघड्या खड्ड्यांच्या धुराचाही समावेश केला. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या हीथ रॉबिन्सन या सैनिकाचे नाव त्या कायद्याला दिलेले आहे. अशी व्यवस्था खर्चिक असते आणि तिच्यात काही अपात्र लोकांनाही लाभ मिळतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण ज्या नोंदी सरकारनेच ठेवल्या नाहीत, त्या सैनिकाकडे मागणे याहून अधिक अन्यायाचे झाले असते.

ज्यांच्या जमिनीवर फवारणी झाली, त्या व्हिएतनामी लोकांना या कायद्याचा लाभ नाही. त्यांनी रसायने पुरवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत भरलेला दावा २००५ मध्ये फेटाळला गेला. दानांग येथील विमानतळाची दूषित माती साफ करण्याचे काम अमेरिकेच्या साहाय्याने २०१२ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये पूर्ण झाले.

भारतीय सैनिकही या विषयातून सुटलेले नाहीत. १९३० च्या दशकात व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. त्वचा जाळण्यासाठी किती वायू लागतो, हे त्यांना पाहायचे होते. काही सैनिक गंभीररीत्या भाजून रुग्णालयात दाखल झाले. लंडनच्या गार्डियन वृत्तपत्राने जुन्या सरकारी कागदपत्रांच्या आधारे २००७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. मस्टर्ड गॅसमुळे पुढे कर्करोग होऊ शकतो, हे आता ज्ञात आहे. खमिसियाच्या बाबतीत वायूची मात्रा अंदाजाने काढावी लागली. रावळपिंडीत ती प्रयोगकर्त्यांनी स्वतः ठरवलेली होती. परंतु प्रयोग संपल्यावर त्या सैनिकांच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, याची विचारपूस करण्यात आली नाही.